ऐनाची साल

माझ्या आजोबांची हयात लाकडाच्या वखारीत गेली. तिथे येणाऱ्या ओंडक्यांना ना पान, ना फूल. साल हीच ओळख. कॉलेजात असताना मी त्यांना माझा एक फोटो दाखवला होता. मगरीच्या पाठीसारख्या चौकोनी भेगा, खाली नाव ‘तडे’. त्यांनी फोटो खिडकीपाशी नेला आणि म्हणाले, “अरे, हा तर ऐन! तडे कसले? आणि कुठल्या बाजूचा काढलास?”

सालीच्या फोटोंचा इतिहास वाचताना ते दोन्ही प्रश्न मला सारखे आठवतात.

१८४०च्या दशकात इंग्रज छायाचित्रकार टॅल्बटने लेकॉक या गावी निष्पर्ण ओकचा फोटो घेतला, तेव्हा निगेटिव्ह कागदाची असे. कागदाचे तंतू प्रिंटमध्ये उतरत. झाडाचा डौल यायचा, साल मात्र मऊ पडायची. १८५१मध्ये आर्चर या दुसऱ्या इंग्रज छायाचित्रकाराने काचेवर कलोडियन या चिकट द्रावाचा थर देण्याची रीत जाहीर केली आणि बारीक भेगाही दिसू लागल्या. पुढे न्यूयॉर्कच्या आरन सिस्किंड या छायाचित्रकाराने उडालेला रंग, जुन्या भिंती इतक्या जवळून टिपल्या की वस्तू हरवून नुसता आकार उरला. फ्रांझ क्लाइनसारखे अमूर्त चित्रकार त्याचे मित्र होते. ते फोटो मला आवडतात, पण माझं मन रमतं ते आल्बर्ट रेंगर-पाट्शपाशी.

१९२८च्या आपल्या पुस्तकाला या जर्मन छायाचित्रकाराला ‘वस्तू’ एवढंच नाव हवं होतं. छापलं गेलं ‘जग सुंदर आहे’. १९४४मध्ये एसेनवर बॉम्ब पडले, त्यात त्याच्या हजारो निगेटिव्ह गेल्या. तो वामेल नावाच्या खेड्यात जाऊन राहिला आणि झाडांकडे वळला. १९६२मध्ये ‘झाडं’ हे पुस्तक आलं. त्यात लेखक अर्न्स्ट युंगरचा निबंध आहेच, शिवाय वोल्फगांग हाबर यांनी लिहिलेली झाडांची शास्त्रीय वर्णनंही आहेत. मला ही वर्णनं फार मोलाची वाटतात. इतक्या बारकाईने बघायचं, आणि तरी बीच वृक्ष हा बीचच राहू द्यायचा!

सालीचा फोटो काढणं हे काम धीराचं आहे. समोरून उजेड पडला की साल सपाट भिंत होते. सकाळचं तिरपं ऊनच हवं. भिंग जवळ नेलं की खपली स्पष्ट येते, भेगेचा तळ धूसर होतो. मग भिंगाचं छिद्र लहान करायचं, एक्स्पोजर लांबवायचं. वारा सुटला तरी हरकत नाही, खोड जागचं हलत नाही.

आता मी प्रत्येक प्रिंटच्या मागे पेन्सिलीने झाड, गाव आणि बाजू लिहितो. त्या जुन्या फोटोवरचं ‘तडे’ खोडून ‘ऐन, ताम्हिणी’ असं लिहिलं. बाजू मात्र तेव्हा बघितलीच नव्हती.