शेगांवच्या मारवाडी वह्या

मारवाडी वऱ्हाडांत परकेच राहिले, हें मत आम्हांस मान्य नाहीं. परंपरेप्रमाणें इ. स. १८७८ च्या माघ वद्य सप्तमीस श्रीगजाननमहाराज शेगांवीं उष्ट्या पत्रावळींतील शितें वेंचून खात असतां बंकटलाल अग्रवाल या सावकारपुत्राच्या दृष्टीस पडले. पुढें त्यानेंच त्यांस घरीं नेलें. दासगणूंनीं ही कथा ओवीबद्ध केली. आज ज्या संतस्थानावरून गांव ओळखला जातो, त्याच्या आरंभींच असें अग्रवालांचें घर आहे! मारवाडी पेढ्यांचे जमाखर्च मात्र मुडिया अक्षरांतच चालत. मोडी रुमाल जपणारे आम्ही संग्राहक असल्या वह्या रद्दींत जाऊं देतों. कोणापाशीं एखादी उरली असल्यास ती मुडिया जाणणाऱ्या वृद्धास सत्वर दाखवावी.