हिरवळीवरील संप



ज्याचे आयुष्य कारखान्यांच्या दारात सभा घेण्यात गेले, त्याने या वसंत व्याख्यानमालेत टेनिसवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. टेनिस हा पांढऱ्या कपड्यांचा, हिरवळीचा आणि सवडीचा खेळ. आमचा संबंध तेलकट कपड्यांशी आणि पाळीच्या भोंग्याशी. तरीही आम्ही या खेळाचे जुने शौकीन आहोत. आम्ही तो खेळलेलो मात्र नाही, रॅकेट कधी हातातही धरलेली नाही. आम्ही केवळ पाहणारे, आणि पाहून झाल्यावर मते देणारे. आज आम्ही जो इतिहास सांगणार आहोत तो टेनिसचाच आहे. पण तो सांगण्याचे कारण ही बसल्याजागी दिलेली मते हेच आहे.

१९८५च्या जुलैत आम्ही पंधरा वर्षांचे होतो. परळच्या आमच्या चाळीत ज्या एका खोलीत दूरचित्रवाणीचा संच होता, तिच्या दारात आम्हा पोरांची गर्दी झाली होती. बोरिस बेकर नावाचा सतरा वर्षांचा, मानांकनही नसलेला जर्मन मुलगा त्या दिवशी विंबल्डन जिंकला. आमच्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठा! टाळ्या वाजवून आमचे हात लाल झाले. त्या खोलीत एक वयस्क गृहस्थ होते, जुन्या गोष्टी सांगणारे. ते म्हणाले, "याच विंबल्डनवर बारा वर्षांपूर्वी खेळाडूंनी संप केला होता, ठाऊक आहे?" आम्ही ताडकन बोलून गेलो, "एवढे पैसे मिळतात, मग वर संप कशाला?"

आमचे वडील दाराशी उभे होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा जो संप सुरू झाला, त्यात ते होते. ते पुन्हा गिरणीत गेले नाहीत. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "अरे, हेच वाक्य मी तीन वर्षे लोकलच्या डब्यात ऐकतो आहे."

ते वाक्य आमच्या मनात रुतून बसले. पुढे चळवळीत पडल्यावर, सार्वजनिक वाचनालयात बसून जे काही शिकता आले ते शिकताना, टेनिसचा इतिहासही आम्ही वाचला. त्या खेळाविषयी शौकिनांच्या तोंडी तीन मते सदैव असतात. पैशाने खेळ नासला, हे पहिले. लाखो मिळवणाऱ्यांनी संप कसला करायचा, हे दुसरे. आणि खेळात राजकारण आणू नये, हे तिसरे. ही तिन्ही मते एके काळी आमचीही होती. इतिहासाच्या दारात त्यांचे काय होते, ते पाहू.

विंबल्डनची पहिली स्पर्धा १८७७ साली झाली. खेळाडू बावीस होते आणि प्रवेशमूल्य एक गिनी होते. म्हणजे खेळण्यासाठी पदरचे पैसे भरावे लागत. पुढे हा खेळ जगभर पसरला, मैदानाभोवती गर्दी जमू लागली, तिकिटे विकली जाऊ लागली. पण नियम असा राहिला की मोठ्या स्पर्धांत खेळणारा 'हौशी' असला पाहिजे. जो खेळाचा मोबदला घेईल तो 'धंदेवाईक', आणि धंदेवाईकाला विंबल्डनचे दार बंद. ज्याच्या घरी पिढीजात उत्पन्न आहे त्याला हा नियम सोयीचा. ज्याला पोट आहे त्याने काय करावे? व्यवहारात झाले असे की नामवंत 'हौशी' खेळाडूंना 'प्रवासखर्च' या नावाखाली पाकिटे मिळू लागली. नियम कागदावर शुद्ध राहिला, पैसा टेबलाखालून गेला. पैशाने खेळ नासला म्हणणाऱ्यांनी हा काळ विसरू नये. पैसा तेव्हाही होता, मात्र त्याचा हिशेब नव्हता आणि तो मागण्याचा हक्क नव्हता. असंघटित धंद्यात मालकाने खुशीने दिलेल्या बक्षिसीची जी किंमत असते, तीच या पाकिटांची होती.

फ्रेड पेरी यांची गोष्ट या बाबतीत बोलकी आहे. त्यांचे वडील सॅम्युएल पेरी हे मूळचे सूत गिरणीतले कामगार. सहकारी चळवळीतून वर येऊन पुढे ते पार्लमेंटचे सभासद झाले. मुलाने १९३४, १९३५ आणि १९३६ अशी लागोपाठ तीन वर्षे विंबल्डन जिंकले. मग त्याने धंदेवाईक व्हायचे ठरवले, आणि ज्या क्लबच्या हिरवळीवर हा पराक्रम घडला त्या क्लबने त्याचे सभासदत्व काढून घेतले. १९८४ साली त्याच क्लबच्या आवारात पेरी यांचा पुतळा उभा राहिला. त्यांच्यानंतर पुरुष एकेरीत पुन्हा ब्रिटिश विजेता मिळण्यास २०१३ साल उजाडावे लागले.

ही बंदी उठली कशाने? कुणाच्या हृदयपरिवर्तनाने नव्हे. बी.बी.सी.ने १९३७ साली विंबल्डनचे सामने प्रथम दूरचित्रवाणीवर दाखवले. मैदानाच्या बाकांना मर्यादा असते, पडद्याला नसते. ज्या खेळाला हजारो प्रेक्षक होते त्याला लाखो मिळाले. १ जुलै १९६७ रोजी ब्रिटनमध्ये रंगीत प्रक्षेपण सुरू झाले ते विंबल्डनच्याच सामन्यांनी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, बी.बी.सी.च्या आर्थिक पाठबळावर, आठ धंदेवाईक खेळाडूंची स्पर्धा विंबल्डनच्या मुख्य मैदानावर झाली आणि अंतिम सामन्यात रॉड लेव्हर यांनी केन रोजवॉल यांना हरवले. खरे श्रेष्ठ खेळाडू दाराबाहेर आहेत, हे पडद्यावर सर्वांना दिसले. मार्च १९६८ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने खुल्या स्पर्धांना मान्यता दिली.

दार उघडले, पण सर्वांना सारखे नव्हे. १९६८च्या विंबल्डनमध्ये पुरुष विजेते लेव्हर यांना २,००० पौंड मिळाले आणि स्त्रियांतील विजेत्या बिली जीन किंग यांना ७५०. त्याच वर्षी अमेरिकेची खुली स्पर्धा आर्थर ॲश यांनी जिंकली. ते सैन्यात अधिकारी होते आणि अजून 'हौशी' म्हणून नोंदलेले होते. म्हणून पहिले बक्षीस, १४,००० डॉलर, हरलेल्या टॉम ओक्कर यांना गेले आणि विजेत्याच्या हाती केवळ दिवसाचा भत्ता आला! सप्टेंबर १९७० मध्ये ह्यूस्टन येथे नऊ स्त्री खेळाडूंनी नाममात्र एका डॉलरच्या करारावर सह्या केल्या आणि निलंबनाची धमकी पत्करून स्वतःची वेगळी स्पर्धा खेळल्या. लॉस एंजेलिसच्या एका स्पर्धेत पुरुष विजेत्याला १२,५०० आणि स्त्री विजेतीला १,५०० डॉलर ठरले होते, हे त्याचे निमित्त. त्यांना पैसा दिला एका सिगारेटच्या कंपनीने. अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवरून सिगारेटच्या जाहिराती त्याच सुमारास कायद्याने बंद होत होत्या, आणि कंपन्यांना नव्या जागा हव्या होत्या. चळवळीला मदत कोणाच्या हातून यावी हे चळवळीला नेहमी निवडता येत नाही. आम्हालाही ते आले नाही, म्हणून त्या नऊ जणींना दोष देण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

आता संपाकडे वळू. १९७२च्या सप्टेंबरात पुरुष खेळाडूंनी आपली संघटना स्थापन केली. पुढच्याच वर्षी तिची कसोटी लागली. युगोस्लाव्हियाचे निकी पिलिच डेव्हिस चषकाच्या लढतीत खेळले नाहीत म्हणून त्यांच्या देशाच्या संघटनेने त्यांना नऊ महिने निलंबित केले. आपण पक्का शब्द दिलाच नव्हता, असे पिलिच यांचे म्हणणे होते. आंतरराष्ट्रीय संघटनेने ती शिक्षा एका महिन्यावर आणली, पण नेमका तोच महिना विंबल्डनचा होता. खेळाडूंची संघटना लंडनच्या न्यायालयात गेली. न्यायालयाने हस्तक्षेप करण्यास नकार दिला. मग प्रश्न उभा राहिला : एका माणसासाठी सर्वांनी बाहेर राहायचे काय?

कामगार चळवळीतल्या माणसाला हा प्रश्न नवा नाही. खात्यातला एक माणूस काढला जातो. तो फार लोकप्रिय असतो असेही नाही. त्याच्यासाठी सगळ्यांनी पगार बुडवायचा काय? कार्यकारिणीत मते समसमान पडली. माघारीच्या बाजूने मत देणाऱ्यांत स्टॅन स्मिथ होते, आदल्या वर्षीचे विंबल्डन विजेते. पण माघार नामंजूर झाल्यावर हेच स्मिथ स्वतःचे अजिंक्यपद सोडून बाहेर राहिले. ८१ खेळाडू खेळले नाहीत. सोळा मानांकितांपैकी तेरा त्यांत होते. विरुद्ध मत देऊन नंतर निर्णय पाळणे ही संघटनेतील सर्वांत अवघड गोष्ट आहे, आणि ती आम्ही भाषणांत जितकी सांगितली तितकी प्रत्यक्षात पाहिलेली नाही.

प्रेक्षकांनी काय केले? तीन लाखांवर लोक त्या वर्षी विंबल्डनला आले. संप मोडून खेळणाऱ्यांत ब्रिटनचे रॉजर टेलर होते, शेफील्डच्या पोलाद कामगाराचा मुलगा. त्यांना प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले. वृत्तपत्रांतून खेळाडूंवर लोभाचा आरोप झाला. वास्तविक त्या संपात वाढीव पैशाची मागणी नव्हतीच. आपण कोठे व केव्हा खेळायचे हे दुसऱ्याने शिक्षेच्या धाकाने ठरवावे काय, एवढाच वाद होता. अंतिम विजय यान कोडेश यांनी मिळवला.

आता आमची अडचण सांगतो. त्याच विंबल्डनमध्ये आपले विजय अमृतराज उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेले आणि कोडेश यांच्याशी पाच सेटपर्यंत झुंजून हरले. ते वर्णन वाचताना आमचे मन म्हणते, आणखी दोन गेम मिळायला हवे होते! आणि दुसरे मन विचारते, ती मैदाने मोकळी का होती? दोन्ही मने आमचीच आहेत. पुढे हेच अमृतराज खेळाडूंच्या संघटनेचे अध्यक्ष झाले, याचा आम्हाला दुप्पट आनंद वाटतो. त्या संघटनेत स्त्रियांना मात्र जागा नव्हती. म्हणून त्याच जून महिन्यात लंडनच्या एका हॉटेलात किंग व त्यांच्या सहकारिणींनी आपली वेगळी संघटना उभारली, आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या खुल्या स्पर्धेत स्त्री-पुरुषांचे बक्षीस सारखे झाले. विंबल्डनने ते २००७ साली केले.

तिसरे मत राजकारणाचे. १९७४ साली भारताने डेव्हिस चषकात कलकत्त्याला ऑस्ट्रेलियाला आणि पुण्यात सोव्हिएत संघाला हरवून अंतिम फेरी गाठली. समोर दक्षिण आफ्रिका होती, वर्णद्वेषाचे राज्य. भारताने खेळण्यास नकार दिला आणि चषक न खेळता दक्षिण आफ्रिकेला मिळाला. भारत हा चषक आजवर जिंकलेला नाही. खेळात राजकारण आणले, अशी हळहळ आजही ऐकू येते. पण राजकारण आधी कोणी आणले? याच दक्षिण आफ्रिकेने आर्थर ॲश यांना कातडीच्या रंगापायी प्रवेशपत्र नाकारले होते. माणसाला दार बंद करणे हे राजकारण नव्हे आणि त्या दाराशी न जाणे हे मात्र राजकारण, असा न्याय आम्हाला मान्य नाही. तरीही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या निर्णयाची किंमत आम्ही प्रेक्षकांनी दिली नाही. आमची फार तर एक संध्याकाळ गेली. किंमत दिली त्या चार-पाच खेळाडूंनी. २०२२ साली विंबल्डनने रशिया व बेलारूसच्या खेळाडूंना बंदी केली, तेव्हा खेळाडूंच्या संघटनांनी त्या स्पर्धेचे मानांकनाचे गुण काढून घेतले. राज्याच्या कृत्याची शिक्षा एकट्या माणसाला किती द्यावी, हा प्रश्न तेथेही मिटला नाही.

हा इतिहास तेथे थांबत नाही. १९९० पासून पुरुष खेळाडूंची ती संघटना स्पर्धांच्या चालकांबरोबर एकाच मंडळात बसून खेळाचा कारभार पाहते. जी संपासाठी उभी राहिली तीच व्यवस्थापनाच्या खुर्चीत बसली. म्हणून २०२० साली खेळाडूंची आणखी एक संघटना निघाली, आणि मार्च २०२५ मध्ये तिने जुन्या संघटनेसह खेळाच्या चालकांवर दावा लावला. हे आमच्या क्षेत्रातही घडलेले आहे. नावे घेण्याची गरज नाही.

त्याच २०२५ सालच्या विंबल्डनमध्ये रेषेवर उभे राहून चेंडू आत की बाहेर हे सांगणारे पंच प्रथमच दिसले नाहीत. त्यांचे काम यंत्राकडे गेले. सुमारे तीनशे माणसे होती ती. त्यांच्यासाठी एकाही खेळाडूने रॅकेट खाली ठेवली नाही. आणि आम्ही? आम्ही घरी बसून अंतिम सामना पाहिला. निर्णय किती बिनचूक झाले, असे बोललोही. बोलून झाल्यावर वडिलांची आठवण झाली. ते आता नाहीत.

मत देऊ नये असे आम्ही म्हणत नाही. मताशिवाय प्रेक्षक कसला? पण ज्या कामाने आपली करमणूक होते ते काम कोणीतरी करतो आहे, एवढे मत देण्यापूर्वी आठवावे. आम्हाला ते पंधराव्या वर्षी दाराशी उभ्या माणसाने सांगितले. या वयातही ते आम्ही अधूनमधून विसरतो, म्हणून आज आपल्यासमोर मोठ्याने सांगितले.