गोंडवन : एका दुभंगलेल्या भूमीची वंशावळ

एखाद्या जुन्या घराण्यातील भाऊ वेगवेगळ्या दिशांना पांगतात. दोन-तीन पिढ्यांनंतर त्यांची मुलेबाळे एकमेकांना ओळखीनाशी होतात. आडनावाचा उच्चारही बदललेला असतो. मग कोणीतरी चिकाटीचा वंशज चर्चमधील बाप्तिस्म्याच्या जीर्ण नोंदवह्या उघडतो, तारखा जुळवतो, आणि दुरावलेल्या शाखा पुन्हा एका खोडाशी येऊन मिळतात. आम्ही येथे सांगणार आहोत ती कथा अशाच एका घराची आहे; मात्र त्याची वाटणी सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली आणि त्याच्या नोंदवह्या दगडात लिहिलेल्या आहेत.

या घराचे नाव आपल्याच भूमीने जगाला दिले. मध्य भारतातील गोंड लोकांच्या प्रदेशात आढळणाऱ्या खडकांच्या थरांना भूवैज्ञानिक मेडलिकॉट यांनी १८७२ मध्ये 'गोंडवन' हे नाव दिले. कोळशाच्या या थरांत जिभेच्या आकाराच्या एका पानाचे ठसे विपुल सापडतात. ग्लॉसोप्टेरिस हे त्या वनस्पतीचे नाव. हेच पान आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण अमेरिकेतही सापडले. मधले अथांग समुद्र या पानाने ओलांडले कसे?

दुसरी साक्ष याहून विलक्षण होती. १८५६ मध्ये ओरिसातील तालचेर येथे बारीक चिखलात रुतलेले मोठमोठे धोंडे आढळले. असे मिश्रण हिमनद्या मागे टाकतात. पुढे १८७५ मध्ये फेडन यांनी चंद्रपूर भागात, पैनगंगेच्या काठी इरई येथे, हिमाने घासून गुळगुळीत केलेला आणि ओरखडे उमटलेला खडक जगापुढे मांडला. आज जेथे उन्हाळ्यात जीव कासावीस होतो, तेथे सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी हिम सरकत होते! ब्राझील-उरुग्वेकडील ओरखडे तर असे सांगत होते, की तेथील हिम आजच्या समुद्राच्या बाजूने आले. समुद्रातून हिमनदी जमिनीवर चढत नाही. म्हणजे त्या काळी तेथे समुद्र नव्हता.

ऑस्ट्रियातील एडुआर्ड झ्यूस यांनी १८८५ मध्ये या सर्व भूभागांना एकत्र गुंफून 'गोंडवन-भूमी' कल्पिली. परंतु मधले भाग समुद्रात बुडाले, असे त्यांचे मत होते. घर ओळखले गेले, वाटणीचे कारण मात्र चुकले; कारण खंडांचा खडक समुद्रतळाच्या खडकाहून हलका असतो, तो असा बुडत नाही.

६ जानेवारी १९१२ रोजी फ्रँकफुर्ट येथे आल्फ्रेड वेगेनर या तरुण जर्मन हवामानशास्त्रज्ञाने वेगळे उत्तर दिले: खंड बुडाले नाहीत, ते सरकले. विद्वानांनी त्यांना फारसे मानले नाही. विरोध केवळ हट्टाचा नव्हता, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. खंड ढकलण्यासाठी वेगेनर यांनी सुचविलेली बळे खरोखरच फार दुबळी होती. साक्ष खरी आणि स्पष्टीकरण अपुरे, अशा पेचात हा विचार अडकला. नोव्हेंबर १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात, सहकाऱ्यांना रसद पोहोचवून परतताना, वेगेनर यांचा अंत झाला. आपले म्हणणे खरे ठरल्याचे त्यांना पाहता आले नाही.

आणखी एक मृत्यू या कथेत आहे. १९१२ च्याच फेब्रुवारीत कॅप्टन स्कॉट यांची तुकडी दक्षिण ध्रुवावरून परतत होती. उपासमार आणि थंडी यांनी ग्रासलेल्या त्या माणसांनी वाटेत दगड गोळा केले आणि सुमारे सोळा किलोंचे ते ओझे अखेरपर्यंत टाकले नाही. त्याच नोव्हेंबरात त्यांचे देह सापडले, तेव्हा दगडही सापडले. त्यांत ग्लॉसोप्टेरिसचे पान होते! हिमाच्छादित अंटार्क्टिकाही त्याच घरातील भावंड होते.

दक्षिण आफ्रिकेचे अलेक्झांडर द्यु त्वा यांनी १९२३ मध्ये दक्षिण अमेरिकेत फिरून दोन्ही किनाऱ्यांचे थर एकेक करून ताडून पाहिले. ते फाडलेल्या कागदाच्या दोन तुकड्यांवरील ओळींसारखे जुळले. तरीही निर्णायक पुरावा समुद्रतळाशीच होता. १९६२ मध्ये अरबी समुद्राच्या दक्षिणेकडील कार्ल्सबर्ग पर्वतरांगेवर एका ब्रिटिश जहाजाने चुंबकीय मोजणी केली. केंब्रिजचे व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी १९६३ मध्ये तिचा अर्थ लावला. समुद्रतळ मध्यभागी उकलतो, तप्त शिलारस वर येऊन थिजतो आणि त्या क्षणीच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा स्वतःत कोरून ठेवतो. ही दिशा वेळोवेळी उलटत असल्याने दोन्ही बाजूंना जुळे पट्टे उमटतात. कॅनडाच्या मॉर्ली यांनी हेच स्वतंत्रपणे लिहिले होते. पण दोन नियतकालिकांनी त्यांचा लेख परत पाठविला.

आता वाटणीच्या तारखा वाचता येऊ लागल्या. गोधडीचे ठिगळ शेवटच्या टाक्यापासून उसवत जावे, तसे सर्वांत नवे पट्टे आधी काढून किनारे जवळ आणायचे, आणि मागे मागे जायचे. सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत लाव्ह्याचे महापूर आले आणि पहिली भेग रुंदावली. तेरा कोटी वर्षांच्या सुमारास दक्षिण अमेरिका आफ्रिकेपासून, आणि भारत-मादागास्कर ही जोडी अंटार्क्टिकापासून निघाली. सुमारे आठ कोटी ऐंशी लाख वर्षांपूर्वी मादागास्करही मागे राहिले. उडुपीजवळील सेंट मेरी बेटांवरचे खांबांसारखे खडक त्या ताटातुटीच्या वेळचे आहेत. १४९८ मध्ये वास्को द गामाने पवित्र मरियेचे नाव या बेटांना दिले, अशी परंपरा सांगते. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा पसरला. त्यानंतर थोड्याच काळात सेशेल्स बेटे आपल्यापासून सुटली. उत्तरेकडे निघालेला भारत सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियावर आदळला आणि हिमालय उभा राहू लागला.

वाचकहो, विहीर खणताना लागणारा आपल्याकडचा काळा कातळ याच वाटणीच्या वेळचा आहे. पैनगंगेच्या काठचे ओरखडे वेगेनर जन्मण्याआधीच नोंदले गेले होते, तरी त्यांचा पूर्ण अर्थ कळायला नव्वद वर्षे लागली. एकाच देशाची नोंदवही वाचून तो कळणे शक्यच नव्हते. दूरदेशीच्या भावंडांची पानेही उलटावी लागली, आणि त्यांतील एक पान तर मरणाऱ्या माणसांनी स्वतःसोबत वाहून आणले होते.