चिया, जवस आणि आपले ताट

गेल्या वर्षी निपाणीजवळच्या एका परिचित शेतकऱ्याने मला विचारले, "साहेब, तंबाखू काढून चिया घातला तर चालेल का?" प्रश्न आला की आधी मागील संदर्भ पाहायचा, ही सरकारी नोकरीतली खोड निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. संदर्भ शोधू लागलो, तो थेट मेक्सिकोपर्यंत गेला.

चिया ही तुळशीच्या कुळातील वनस्पती. मेक्सिको व ग्वाटेमालात ती फार प्राचीन काळापासून पिकते. सुमारे १५४१ मध्ये सिद्ध झालेल्या मेंडोझा चित्रपोथीत अ‍ॅझ्टेक राजधानीकडे येणाऱ्या खंडणीची नोंद आहे; तीत मका, घेवडा, राजगिरा यांच्या जोडीला चिया आहे. स्पॅनिश अमलात गहू आला आणि चिया मागे सरला. १७५३ मध्ये लिनियसने त्याला 'साल्व्हिया हिस्पॅनिका', म्हणजे स्पेनची साल्व्हिया, असे नाव दिले. मुलूख मेक्सिकोचा, नोंद स्पेनच्या नावावर! सीमाभागातील वाचकाला यातली गंमत वेगळी सांगायला नको.

त्या खंडणीतला राजगिरा आज आपल्याकडे उपवासाला चालतो. तंबाखूही अमेरिकेचीच. अकबराचा वकील असद बेग याने १६०४ च्या सुमारास ती विजापुरात पाहिली आणि नवलाची वस्तू म्हणून बादशहापुढे नेली. म्हणजे आपल्या शेजारच्या दरबारात तंबाखू चारशे वर्षांपूर्वीच पोहोचली होती. चियाला मात्र एकविसावे शतक उजाडावे लागले. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने त्याच्या लागवडीचे तंत्र बसवले, 'चियाम्पियन' नावाचे काळे व पांढरे वाण दिले आणि दक्षिण कर्नाटकातील शेतकरी ते पेरू लागले.

गुणांविषयी बोलायचे तर चिया खरोखरच सकस आहे. शंभर ग्रॅममध्ये सुमारे १७ ग्रॅम प्रथिने, ३४ ग्रॅम तंतू, ६३० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १८ ग्रॅम ओमेगा-३ मेद. पण आपल्या जवसात हाच मेद सुमारे २३ ग्रॅम असतो आणि प्रथिनेही चियापेक्षा उणी नाहीत. कॅल्शियम हवे तर न सोललेले तीळ चियाच्या पुढे आहेत. शिवाय शंभर ग्रॅम चिया खातो कोण? चमचा-दोन चमचे, तेही भिजवून. कोरडे बी गिळून वर पाणी पिऊ नये, ते अन्ननलिकेत फुगून अडकल्याचे उदाहरण नोंदले गेले आहे. वनस्पतीतील ओमेगा-३ माशांतील मेदाची जागा पुरती घेत नाही, हेही लक्षात ठेवावे. ही उणीव जवसालाही लागू आहे.

जवसाला आमच्याकडे कानडी घरांत 'अगसी' म्हणतात, कारळ्याला 'गुरेल्लू'. भाषेवरून कितीही वाद झाले, तरी भाकरीबरोबरची चटणी दोन्ही घरांत एकच. अखंड जवस बहुधा तसाच पोटातून निघून जातो. तो भाजून कुटायचा. आमच्या आजीला ओमेगा ठाऊक नव्हता, पण खलबत्ता ठाऊक होता. सब्जा, कानडीत 'कामकस्तुरी', हाही चियाचाच भाऊबंद. सब्जा पाण्यात पडताच फुलतो आणि दिसायला एकसारखा काळा असतो. चियावर करड्या-पांढऱ्या रेघा असतात आणि तो सावकाश फुगतो. चियाच्या भावाने सब्जा विकत घेऊन मी एकदा फसलो आहे, म्हणून हे लिहून ठेवतो.

आता शेतकऱ्याचा प्रश्न. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीचे तंबाखू उत्पादक भावासाठी महामार्गावर बसले आणि एप्रिलमध्ये गोळीबार होऊन त्यांतले काही प्राणास मुकले. शंभर वर्षांहून जुनी पेठ दाराशी असलेल्या पिकाची ही गत. चियाचा तर या भागात ठरलेला खरेदीदारच नाही. म्हणून मी त्याला म्हटले, आधी घेणारा शोध, भाव लेखी घे, मग पेर. आणि पहिल्या वर्षी चार-पाच गुंठेच.

तो थोडा हिरमुसला. मग म्हणाला, "तर मग घरापुरता जवस टाकतो." पण जवसाचे बी त्याच्याच काय, साऱ्या गल्लीत कुणाकडे निघाले नाही. अखेर मी ते संकेश्वरच्या बाजारातून आणून दिले.