जुन्या बाईकचं वायरिंग ट्रॅकसाठी सोपं कसं करायचं? राजदूत ३५० चं उदाहरण

रेससाठी बाईक तयार करायची म्हटलं की आपण कार्ब्युरेटर, सायलेन्सर, टायर यांचा विचार करतो. वायरिंग सगळ्यात शेवटी. मीही तेच केलं आणि बाईक जवळजवळ जाळून बसलो होतो.

बाईक मामाची, राजदूत ३५०. एस्कॉर्ट्सने १९८३ पासून यामाहाच्या आरडी ३५० वरून आपल्याकडे बनवलेली, ३४७ सीसीची टू-स्ट्रोक, दोन सिलेंडरची गाडी. मामाने ती ट्रॅक-डे साठी देताना एकच अट घातली होती: “मूळ वायरिंग कापायचं नाही.” म्हणून ते तसंच बाजूला करून मी नवीन वायरिंग टाकलं. किल स्विच कसा जोडायचा हे एका व्हिडिओत पाहिलं होतं. आदल्या संध्याकाळी इंजिन सुरू केलं आणि किल स्विच ऑफला सरकवला. इंजिन बंद पडलं, पण टाकीखालून धूर यायला लागला. बॅटरीचा नट पक्का केला नव्हता, म्हणून वायर हाताने ओढून काढता आली. फ्यूज मी लावलाच नव्हता.

नेमकं काय चुकलं? ते कळलं की हा सगळा विषयच सोपा होतो.

आधी ओळखा: ठिणगी कुठून येते?

जुन्या बाईकमध्ये मुख्यतः दोन प्रकार दिसतात.

* मॅग्नेटो: इंजिन फिरलं की मॅग्नेटोच वीज तयार करतो. उदाहरणार्थ आरएक्स १००. बॅटरी काढली तरी ती किकवर सुरू होते. इथे किल स्विच वीज अर्थला सोडतो, त्यामुळे ठिणगी पडत नाही.
* बॅटरी-कॉइल: कॉइलला वीज बॅटरीकडून मिळते. राजदूत ३५० या प्रकारातली. इथे किल स्विच बॅटरीची वीज तोडतो.

मी पाहिलेला व्हिडिओ मॅग्नेटोवाल्या गाडीचा होता. माझा स्विच सरकवल्याबरोबर बॅटरीचा प्लस थेट अर्थला गेला, म्हणजे सरळ शॉर्ट सर्किट. वायर तापली, आवरण वितळलं, आणि वर पेट्रोलची टाकी!

काय ठेवायचं, काय काढायचं?

ट्रॅकवर हेडलाइट, टेललाइट, ब्रेकलाइट, इंडिकेटर, फ्लॅशर, हॉर्न आणि मीटरमधले दिवे लागत नाहीत. चावीचं लॉकही नको, त्याजागी साधा टॉगल स्विच चालतो. उरतात एवढ्याच गोष्टी:

१. १२ व्होल्टची बॅटरी
२. फ्यूज
३. मुख्य टॉगल स्विच
४. हँडलवरचा किल स्विच
५. दोन कॉइल
६. पॉइंटचे दोन सेट आणि त्यांचे कंडेन्सर

जोडणीचा क्रमही जवळपास हाच. बॅटरीचा प्लस, मग फ्यूज, टॉगल, किल स्विच. तिथून एक वायर दोन्ही कॉइलच्या प्लसला. प्रत्येक कॉइलची दुसरी वायर आपापल्या पॉइंटला. बॅटरीचा मायनस थेट इंजिनच्या बोल्टला. झालं!

फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितकं चांगलं, कारण फ्यूजच्या आधीच्या वायरला कुणाचंच संरक्षण नसतं. मी १० अँपिअरचा फ्यूज आणि १.५ चौरस मिमीची मल्टिस्ट्रँड तांब्याची वायर वापरली.

चार्जिंग नको? मग बॅटरी पुरेल का?

या गाडीच्या अल्टरनेटरमध्ये कायमचा चुंबक नाही. फील्ड कॉइलला करंट दिला तरच तो वीज बनवतो. रेसिंगमध्ये बरेच जण चार्जिंग बंद करून फक्त बॅटरीवर गाडी पळवतात. चार्जर घरी ठेवून फोन वापरतो ना, तसंच. पहिल्यांदा करत असाल तर रोटर काढू नका. पॉइंटचा कॅम त्याच बाजूला असतो आणि टायमिंग बिघडायला वेळ लागत नाही. फील्डची जोडणी सोडून, टोकाला नीट स्लीव्ह लावली की पुरे.

आता हिशोब. कॉइलचा रेझिस्टन्स ४ ओहम धरला, तर पॉइंट बंद असताना एका कॉइलमधून ३ अँपिअर जातात (१२ ÷ ४). पॉइंट सतत उघडमीट करतात, म्हणून दोन्ही कॉइल मिळून सरासरी ४ अँपिअर धरू. यूपीएसमध्ये असते तशी ७ एएचची सीलबंद बॅटरी घेतली आणि तिची निम्मीच ताकद वापरायची ठरवली, तर ३.५ ÷ ४, म्हणजे कागदावर सुमारे ५० मिनिटं. प्रत्यक्षात अर्धा तासच धरा. दहा मिनिटांच्या सेशनला हे भरपूर आहे, पण प्रत्येक सेशननंतर चार्जिंग कराच. बॅटरी उतरली की ठिणगी कमजोर होते आणि वरच्या आरपीएमला इंजिन मिस मारतं.

७ एएच म्हणजे ७,००० एमएएच. “माझा फोन तर ५,००० चा!” असं वाटेल. पण फोनची बॅटरी साधारण ३.८५ व्होल्टची, म्हणजे सुमारे १९ वॉट-अवर. ही १२ व्होल्टची, म्हणजे ८४ वॉट-अवर. बॅटऱ्यांची तुलना करायची तर वॉट-अवर बघा, नुसते एमएएच नाही.

काम करताना

* काहीही सोडण्याआधी प्रत्येक कनेक्टरचा फोनने फोटो काढा आणि वायरला मास्किंग टेपचं लेबल लावा.
* मूळ हार्नेस कापू नका, अख्खा काढून पिशवीत ठेवा. मामाच्या अटीमागे हेच होतं: तसाच दुसरा मिळणं कठीण.
* फ्रेमवर पेंट असतो, त्यामुळे फ्रेमच्या अर्थवर विसंबू नका. इंजिनपर्यंत वेगळी अर्थ वायर टाका.
* जॉइंट क्रिम्प करून वर हीट-श्रिंक स्लीव्ह चढवा. सोल्डर केलेली वायर व्हायब्रेशनमुळे सोल्डर संपतो तिथे तुटू शकते.
* हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. वायर ताणली जाता कामा नये.

सुरू करण्याआधी तीन टेस्ट

१. बॅटरी न जोडता मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा. किल स्विचच्या दोन टोकांमध्ये रनला बीप यायला हवा, ऑफला नाही. स्विचच्या कुठल्याही टोकापासून बॉडीला थेट जोडणी नको.
२. इग्निशन चालू, पॉइंट बंद असताना बॅटरीचा व्होल्टेज आणि कॉइलच्या प्लसवरचा व्होल्टेज मोजा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर एखादा जॉइंट किंवा स्विच खराब आहे. मोजून झालं की लगेच टॉगल बंद करा, नाहीतर कॉइल तापते.
३. इंजिन सुरू करून किल स्विचने बंद करा. दहा वेळा.

अशी गाडी रस्त्यावर चालवायची नाही. दिवे, हॉर्न नाहीत, तेव्हा ट्रॅकपर्यंत टेम्पोतूनच न्या. आयोजकांची नियमावलीही आधी वाचा, किल स्विचबद्दल त्यांच्या वेगळ्या अटी असू शकतात.

दुसऱ्या दिवशी मी ट्रॅकवर गेलो नाही. घरी बसून जळलेली वायर बदलली, फ्यूज लावला आणि मामाला सगळं खरं सांगितलं. ते ओरडले नाहीत. फक्त हार्नेसची पिशवी उघडून सगळे कनेक्टर मोजले, आणि मग म्हणाले, “पुढच्या वेळी मीपण येतो.”