टकळी हाती आली, पुढचं राहिलं

रायपूरच्या शंकर नगरमध्ये बीटीआय मैदान आहे. हे नाव रायपूरकरांच्या तोंडी रोज असतं, पण त्याची फोड फारसं कुणी करत नाही. बीटीआय म्हणजे बेसिक ट्रेनिंग इन्स्टिट्यूट, अर्थात बुनियादी प्रशिक्षण संस्था. यातल्या ‘बुनियादी’ शब्दाचं माहेर आहे वर्धा. नोकरीत असलेल्या माणसाला नवं काम शिकवायचं तर आखणी कशी करावी, हा आपला आजचा विषय. या शब्दाचा इतिहास त्याबद्दल बरंच काही सांगतो.

तेव्हा रायपूर आणि वर्धा एकाच प्रांतात होते. मध्य प्रांत व वऱ्हाड हा तो प्रांत आणि नागपूर त्याची राजधानी. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. मुलांचं शिक्षण हाताच्या उद्योगातून व्हावं, असा गांधीजींचा आग्रह होता. आराखड्यासाठी डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. विनोबा भावे आणि काका कालेलकर तिचे सदस्य होते.

खरी अडचण होती शिक्षकांची. पुस्तकावर शिकलेला शिक्षक उद्योगातून शिकवणार कसा? समितीने दोन अभ्यासक्रम सुचवले: नव्यांसाठी तीन वर्षांचा आणि आधीपासून शिकवणाऱ्यांसाठी एक वर्षाचा. ज्याला वर्ग सांभाळता येतो, त्याला तेच पुन्हा शिकवण्यात अर्थ नाही. त्याला काय येतं ते धरून जे कमी आहे तेवढंच द्यायचं, हा त्यामागचा साधा हिशेब.

रायपुरात वकिली केलेले पं. रविशंकर शुक्ल १९३७ मध्ये प्रांताचे शिक्षणमंत्री झाले. त्यांची ‘विद्यामंदिर’ योजना होती: गावाने जमीन द्यायची आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चालवायची. या शाळांच्या शिक्षकांसाठी वर्ध्यात प्रशिक्षण विद्यालय निघालं. २१ एप्रिल १९३८ रोजी गांधीजींनी त्याचं उद्घाटन केलं.

उद्योगातून शिकवायचं म्हणजे काय, ते टकळीवर पाहू. चार फूट सुताची एक तार, १६० तारांची लटी, ६४० तारांची गुंडी. मग गुंडीत सूत किती फूट? २,५६०. झाला गुणाकार. कापूस कुठल्या मातीत येतो? झाला भूगोल. उद्योग आणि विषय यांच्या या सांगडीला ‘समवाय’ म्हणत. शिक्षकाला सूत काढता येणं ही पहिली पायरी आणि समवाय साधणं हे खरं काम.

योजना पसरली आणि इथेच गाडी अडली. टकळी शिकवणं सोपं, मोजणंही सोपं. समवाय ज्याच्या त्याला आपल्या गावात, आपल्या मुलांसमोर उभा करायचा होता. धानाच्या मुलखातल्या शिक्षकाला धानातून गणित काढायला शिकवायला हवं होतं. पण बहुतेक ठिकाणी सूतकताईच पोचली. पुष्कळ शाळांत उद्योग एका तासाला आणि गणित दुसऱ्या तासाला, असं चालू राहिलं. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ हा शब्द पुढे आणला आणि ‘बुनियादी’ हळूहळू पाट्यांपुरता उरला.

आज त्याच शंकर नगरात छत्तीसगडची राज्य शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषद आहे. या राज्यात एखाद्या शिक्षकापुढे गोंडी बोलणारी मुलं असतात, दुसऱ्यापुढे हलबी, तिसऱ्यापुढे छत्तीसगढी. तिघांना एकच प्रशिक्षण दिलं, तर हजेरीपट भरेल, पण वर्गातलं मूल गप्पच राहील.

हे शाळेपुरतं नाही. बँक, दवाखाना, कारखाना, तुम्ही कुठेही शिकवत असा, आधी तीन गोष्टी विचारा. समोरच्याला आधीपासून काय येतं? परत गेल्यावर तो कुठे आणि कुणासमोर काम करणार आहे? आणि तिथे अडला तर त्याला हात द्यायला कोण जाणार? वर्ध्याच्या आराखड्याने पहिला प्रश्न नीट सोडवला होता. उरलेले दोन सुटले नाहीत, म्हणून टकळी हाती आली आणि पुढचं राहिलं.