बोडोम सरोवर आणि भयाचे रंगरूप : फिनलंडमधील एका एक्स्ट्रीम मेटल वाद्यवृंदाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

लोकप्रिय संगीताचा इतिहास बहुधा कलावंतांच्या यशापयशाचा आलेख म्हणून लिहिला जातो. तथापि ज्या संगीताने भय, मृत्यू आणि हिंसा हेच आपले आशयद्रव्य मानले, त्याच्या बाबतीत असा आलेख पुरेसा ठरत नाही. प्रत्यक्ष घडलेली एखादी क्रूर घटना रंगमंचावरील प्रतीक बनते, तेव्हा त्या घटनेतील माणसांचे काय होते, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात फिनलंडमधील ‘चिल्ड्रन ऑफ बोडोम’ या वाद्यवृंदाच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

घटनेची पार्श्वभूमी :

हेलसिंकीच्या पश्चिमेस असलेल्या एस्पो शहराच्या हद्दीत बोडोम हे सरोवर आहे. ४ जून १९६० रोजी चार तरुण-तरुणी तेथे तंबू ठोकून मुक्कामास राहिले. त्यांपैकी दोन मुली पंधरा वर्षांच्या, तर दोन मुलगे अठरा वर्षांचे होते. ५ जूनच्या पहाटे त्यांच्यावर हल्ला झाला. दोन्ही मुली व एक मुलगा मृत्युमुखी पडला. दुसरा मुलगा गंभीर जखमी अवस्थेत वाचला. अनेक संशयितांची चौकशी होऊनही गुन्ह्याचा उलगडा झाला नाही. न उलगडलेल्या गुन्ह्याभोवती आख्यायिका निर्माण होतात. याही घटनेचे तसेच झाले आणि पुढील पिढ्यांसाठी ‘बोडोम’ हे एका ठिकाणाच्या नावापेक्षा भीतीचे नाव बनले.

वाद्यवृंदाची जडणघडण :

१९९३ मध्ये एस्पो येथे गिटारवादक अलेक्सी लाइहो आणि तालवादक यास्का रातिकाइनेन या शाळकरी मुलांनी ‘इनअर्थ्ड’ नावाने वाद्यवृंद सुरू केला. १९९७ मध्ये ध्वनिमुद्रणाच्या कराराच्या अडचणीमुळे त्यांना नाव बदलावे लागले, तेव्हा त्यांनी आपल्याच परिसरातील सरोवराचे नाव घेतले. ‘बोडोमची मुले’ या नावात मृत मुलांचा निर्देश आणि त्याच गावात वाढलेल्या या वादकांची स्वतःची ओळख, असे दोन्ही अर्थ एकवटलेले आहेत.

त्याच वर्षी ‘समथिंग वाइल्ड’ हा पहिला संग्रह प्रसिद्ध झाला. त्यापाठोपाठ ‘हेटब्रीडर’ (१९९९), ‘फॉलो द रीपर’ (२०००) आणि ‘हेट क्रू डेथरोल’ (२००३) हे संग्रह आले. शेवटचा संग्रह फिनलंडच्या विक्रीसूचीत प्रथम स्थानी पोहोचला. २०१९ मधील ‘हेक्स्ड’पर्यंत एकूण दहा संग्रह निघाले.

संगीत आणि दृश्यरूप :

या संगीताचे वैशिष्ट्य परस्परविरोधी घटकांच्या मेळात आहे. डेथ मेटलचा कर्कश, आरोळीसारखा कंठस्वर आणि अतिद्रुत लय एका बाजूस, तर पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या वळणाची सुरेल स्वरावली दुसऱ्या बाजूस आहे. लाइहोच्या वादनावर स्वीडिश गिटारवादक इंग्वे मालमस्टीन याचा प्रभाव होता. याने विरमन याचे कीबोर्डवादन केवळ पार्श्वभूमीपुरते मर्यादित राहत नाही. ते गिटारशी जणू सवाल-जबाब करते. त्यामुळे भयाचा आशय असूनही या रचनांत उल्हासाची एक लाट सतत जाणवते.

दृश्यरूपातही सातत्य आहे. प्रत्येक संग्रहाच्या मुखपृष्ठावर हाती कोयता घेतलेली मृत्यूची आकृती दिसते. ‘हेटब्रीडर’वर हिरवा, ‘फॉलो द रीपर’वर जांभळा आणि ‘हेट क्रू डेथरोल’वर लाल रंग प्रमुख आहे. जवळजवळ प्रत्येक आरंभीच्या संग्रहात एखाद्या गीताच्या शीर्षकात ‘बोडोम’ हा शब्द येतो. मात्र ही गीते घटनेचा वृत्तान्त सांगत नाहीत. ती केवळ तिची छाया वापरतात.

मुखवटा आणि वास्तव :

याच काळातील दुसऱ्या एका फिनिश वाद्यवृंदाशी तुलना उद्बोधक ठरते. रोव्हानिएमीच्या ‘लोर्डी’ या हार्ड रॉक वाद्यवृंदाने राक्षसी मुखवटे व वेशभूषा धारण करून २००६ मध्ये अथेन्स येथील युरोव्हिजन स्पर्धा २९२ गुणांनी जिंकली. १९६१ पासून सहभागी होणाऱ्या फिनलंडचा तो पहिला विजय होता. रोव्हानिएमी येथील एका चौकाला या वाद्यवृंदाचे नाव देण्यात आले. लोर्डीचे राक्षस पूर्णतः कल्पित असल्याने त्यांच्या उत्सवात कोणाचे दुःख गुंतलेले नव्हते. बोडोमच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही.

भारतीय रसविचाराच्या परिभाषेत हा भेद स्पष्ट होतो. भयानक रसाचा आस्वाद शक्य होतो तो साधारणीकरणामुळे. भट्टनायकाच्या विवेचनानुसार विभावादींचे व्यक्तिविशेषत्व गळून पडते, तेव्हाच लौकिक भीती आस्वाद्य बनते. लोर्डीच्या राक्षसाला व्यक्तिविशेषत्वच नाही. बोडोमच्या घटनेला मात्र नावे होती, कुटुंबे होती आणि एक हयात साक्षीदारही होता.

२००४ मध्ये या बचावलेल्या व्यक्तीलाच अटक झाली. बुटांवरील रक्ताच्या डागांचे नव्या डीएनए तंत्राने केलेले परीक्षण हा अभियोगाचा प्रमुख आधार होता. ऑक्टोबर २००५ मध्ये न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली आणि शासनाने त्यांना भरपाई दिली. त्याआधीच्याच महिन्यात वाद्यवृंदाचा ‘आर यू डेड येट?’ हा संग्रह बाजारात आला होता. दोन्ही घटनांत कार्यकारणसंबंध नाही. परंतु एकाच नावाखाली न्यायालयात एका माणसाचे उर्वरित आयुष्य पणाला लागलेले असावे आणि जगभरच्या मंचांवर तेच नाव जल्लोषात उच्चारले जावे, हा विरोधाभास नजरेआड करता येत नाही.

निष्कर्ष :

यावरून वाद्यवृंदाला दोषी ठरवणे एकांगी होईल. घटनेची आख्यायिका १९९३ पूर्वीच लोकमानसात रुजलेली होती आणि या मुलांनी ती वारशाने स्वीकारली. १५ डिसेंबर २०१९ रोजी हेलसिंकी येथे मूळ वाद्यवृंदाचा अखेरचा प्रयोग झाला. २९ डिसेंबर २०२० रोजी लाइहो याचे वयाच्या ४१ व्या वर्षी निधन झाले. ज्याने मृत्यूचे चित्र आयुष्यभर मिरवले, त्याच्या मृत्यूचे दुःख मात्र चाहत्यांना प्रतीकात्मक वाटले नाही. तो त्यांच्यासाठी एक ओळखीचा माणूस होता.

सरोवराकाठी मरण पावलेल्या तीन मुलांना हे माणूसपण जगभरच्या श्रोत्यांकडून क्वचितच लाभले. आख्यायिकेने घटना विस्मरणातून वाचवली, पण माणसांना झाकून टाकले. कलेला भयाचे साधारणीकरण करण्याचा अधिकार आहे. त्या प्रतीकामागील विशिष्ट माणसांची आठवण पुन्हा जागी करणे, हे इतिहासलेखनाचे कर्तव्य ठरते.